कॉम्प्युटरच्या रांगेत टाकलेला रुमाल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण पुढे मी जे सांगणार आहे, त्यात माझी अब्रू जाते आणि तुम्ही मधेच हसलात तर मला शेवटपर्यंत सांगवणार नाही. चहा घेतलाय ना सगळ्यांनी? मग ऐका.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी चोवीस वर्षांचा, नवा कोरा संख्याशास्त्राचा पदवीधर. कोल्हारपासून दोन मैलांवर, नगर-मनमाड रस्त्याला लागूनच, एका छोट्या गहू संशोधन केंद्रावर मला नोकरी लागली होती. केंद्र म्हणजे काय, तर चार खोल्या, एक व्हरांडा, बाकी सगळं रान. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक एस्टी माझ्या खिडकीतून दिसायची. माझं काम आकडे मांडायचं. आणि शहाणपणा? तो तर पगाराबरोबर फुकट मिळाला होता!

आमचे साहेब म्हणजे डॉक्टरसाहेब. औषधाचे नव्हे, गव्हाचे. त्यांनी गव्हाचे चार वाण चाळीस शेतकऱ्यांच्या रानात लावून बघितले होते. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. त्यातला एक नंबर साहेबांनी स्वतः तयार केलेला. त्याच्यावर त्यांचा इतका जीव की त्याची ओंबी हातात घेताना ते आधी हात धुवायचे.

आता या चाळीस रानांच्या आकड्यांवरून कुठला वाण सरस, हे काढायचं. हातानं फिरवायच्या गणिताच्या यंत्रावर दोन माणसांचं महिन्याभराचं काम. पण पुण्याला एक कॉम्प्युटर होता! आकडे कार्डांवर भोकं पाडून पाठवायचे, की तो दहा मिनिटांत उत्तर देणार.

दहा मिनिटांत, हं! फक्त त्या दहा मिनिटांचा नंबर लागायला आठ दिवस.

तिथं दोन दर होते. तातडीचा आणि सवडीचा. तातडीच्या दरात दुसऱ्या दिवशी उत्तर, पण तो दर ऐकून साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला रिकामा केला होता. त्यामुळे आम्ही सवडीचे गिऱ्हाईक. आठ दिवस रांगेत.

बरं, आमची कार्डं तरी तयार होती का? कुठली! पुणतांब्याकडच्या नऊ शेतांच्या वह्याच आल्या नव्हत्या. तिथला आमचा माणूस तापानं पडला होता. वह्या येणार सोमवारी, मग दोन दिवस भोकं पाडायची, मग पुण्याला पाठवायची, मग आठ दिवसांची रांग. तोवर गव्हाची पेरणी कुणासाठी थांबते?

आणि नेमके अशातच, एका गुरुवारी सकाळी, दामूअण्णा आले.

दामूअण्णा कोल्हारचेच. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. आमच्या चाळीस शेतकऱ्यांतले एक. आपल्या रानाचा एक कोपरा त्यांनी आम्हाला प्रयोगासाठी दिला होता, आणि वर आमच्या माणसांना भाकरीसुद्धा घातली होती. सायकल भिंतीला लावून ते माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, पाटाला पानी आल्तं. ओलवनी केली. आज रान वाफश्यावर हाय. चार एकर. तुमच्या त्या चार नंबरातलं कोन्तं बी पेरू?"

वाफसा म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. ओल जास्त नाही, कमी नाही, मुठीत धरली तर माती जमते आणि बोटानं फुटते. तो दोन-तीन दिवस असतो. मग गेला! पुन्हा पाटाचं आवर्तन येईपर्यंत रान कोरडं आणि गहू उशिराचा. हे मला आज माहीत आहे. तेव्हाही पुस्तकातून माहीत होतं, नाही असं नाही. पण मी म्हणालो काय?

"अण्णा, थांबा. कॉम्प्युटर सांगणार आहे."

"कोन सांगनार?"

"कॉम्प्युटर. पुण्याला यंत्र आहे. चुकायचं नाव नाही."

"किती दिस थांबू?"

"आठ-नऊ दिवस. फार तर दहा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर रानाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, भाऊसाहेब. तुमी म्हनता तर." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

ते गेले आणि मी भानावर आलो. आपण काय बोलून बसलो? चार एकर रान आपल्या एका शब्दावर थांबवलं! आता आठ-नऊ दिवसांत काहीही करून उत्तर आणलंच पाहिजे. पण वह्याच नाहीत, कार्डं नाहीत, आणि रांग तर आठ दिवसांची. डोकं धरून खिडकीत बसलो.

तेवढ्यात रस्त्यावर एस्टी थांबली. आणि मला साक्षात्कार झाला!

एस्टी थांबली की आपण काय करतो? आत चढायच्या आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. माणूस अजून खाली, पण जागा धरली गेली. कुणी विचारलं तर म्हणायचं, "माणूस आहे!" मग कॉम्प्युटरच्या रांगेत रुमाल का टाकू नये? आज खोटी कार्डं पाठवून नंबर धरायचा. आठ दिवस रांगेतच जाणार आहेत, ते खोटी कार्डं उभी राहून काढतील. तोवर इकडे मी खरी कार्डं तयार करतो, आणि नंबर लागायच्या आदल्या दिवशी पुण्याला जाऊन बदलून टाकतो. वेळ वाचला, तातडीचा दर वाचला, अण्णांचा गहू वाचला. मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली, पण हात तिथवर पोचेना.

कोरी कार्डं मात्र चालणार नव्हती. तिथला माणूस कार्डं मोजून आणि वरवर चाळून घ्यायचा. एकशे साठ कार्डं, प्रत्येकावर एक आकडा पाहिजे. दोन अंक, मध्ये टिंब, पुढे दोन अंक. हेक्टरी क्विंटल. आता एकशे साठ खोटे आकडे आणायचे कुठून? मनानं लिहायला गेलो तर दहाव्या आकड्याला डोकं चालेनासं झालं. करून बघा, खोटं बोलायलासुद्धा कष्ट पडतात.

माझ्या खिशातल्या डायरीत कोल्हार स्टँडचं वेळापत्रक उतरवलेलं होतं. ०५.३०, ०८.१५, १७.४५. दोन अंक, टिंब, दोन अंक! वाहवा! एक नंबर वाणाला नगरच्या गाड्या. दोन नंबरला मनमाडच्या. तीनला श्रीरामपूर, चारला संगमनेर. गाड्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून. तीन तासांत भोकं पाडून मोकळा झालो, आणि संध्याकाळच्या गाडीनं कंडक्टरच्या हवाली खोका केला. साहेबांना एवढंच सांगितलं, "साहेब, नंबर लावलाय. पुढच्या शुक्रवारचा." साहेब खूश. कुठली कार्डं कधी गेली, हे ते कधी विचारत नसत. रुमालाचं काही बोललो नाही. म्हटलं, शेवटी सांगू आणि एकदमच शाबासकी घेऊ.

शनिवारी दामूअण्णा आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"अण्णा, रान कसं आहे?" मी घाबरत घाबरत विचारलं.

"रानाचं काय न्हाई."

"वाफसा?"

"त्याची नका काळजी करू, भाऊसाहेब."

"जरा धीर धरा, अण्णा. होईल सगळं."

"धरू की."

तासभर बसले, तंबाखू मळली, दोन-चार गोष्टी पावसापाण्याच्या झाल्या, आणि गेले. रविवारी मी केंद्रावरच राहायचो, तर रविवारीही आले. सोमवारीही आले. रोज! बाकावर बसायचे, माझ्याकडे बघायचे. शब्दानं कधी म्हणाले नाहीत, की बाबा, माझं रान वाळतंय. ते बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. हा माणूस उलट मलाच विचारायचा, "जेवला का, भाऊसाहेब?" घास घशाखाली उतरेना हो माझ्या! मला आपलं रात्रंदिवस ते चार एकर रान दिसायचं, भेगा पडलेलं.

सोमवारी वह्या आल्या. मंगळवारी, बुधवारी भोकं पाडली, बोटं सुजेपर्यंत. गुरुवारी पहाटेच्या गाडीनं खरी एकशे साठ कार्डं मांडीवर घेऊन मी पुण्याला निघालो. शुक्रवारचा नंबर, गुरुवारी मी हजर. याला म्हणतात नियोजन!

दुपारी कॉम्प्युटरच्या खिडकीवर पोचलो. चष्मा लावलेले एक गृहस्थ वही लिहीत होते. मी केंद्राचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "आमची कार्डं जरा बदलायची होती."

त्यांनी वहीचं पान मागे उलटलं. "आपलं काम झालं की. मंगळवारीच."

"झालं? अहो, नंबर शुक्रवारचा होता!"

"होता. पुढचे सहा जण दिवाळीच्या सुट्टीला गावी गेले, कार्डं न देताच. मग यंत्र रिकामं ठेवायचं होतं का, आपण येईपर्यंत?"

"पण ते काम खरं नव्हतं!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यंत्र तसं विचारत नाही."

गाडी उशिरा येईल, याची तजवीज मी केली होती. ती तीन दिवस लवकर येऊन, माझ्या रुमालालाच तिकीट फाडून, घेऊन निघून जाईल, हे कुणाच्या स्वप्नात आलं असतं?

"मग उत्तराचा कागद कुठंय?"

"काल एस्टीनं पाठवला. आज पोचेल."

म्हणजे मी इकडे येत होतो, तेव्हा तो तिकडे जात होता! नगर स्टँडवर आम्ही दोघं एकमेकांशेजारून गेलो असू.

"आणि ही खरी कार्डं?"

"ठेवून जा. सवडीचाच दर ना? मग आठ दिवस."

त्या दिवशी परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. रुमाल टाकायचं तर मला धाडसच झालं नाही. रात्र मावशीकडे काढली आणि शुक्रवारी सकाळी निघून दुपारी केंद्रावर उतरलो. धावतच साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेब टेबलाशी बसले होते. समोर कॉम्प्युटरचा लांबलचक कागद, घड्याघड्यांचा. डोळे लाल.

"ये," ते म्हणाले, "बस. निकाल आला. माझा एक नंबर पडला."

"साहेब..."

"चारांत शेवटचा. काही काही रानांत तर हेक्टरी साडेपाच क्विंटल! साडेपाच!" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मी काल रात्रभर विचार केला. म्हटलं, शास्त्रात आपलं-परकं करायचं नसतं. दोन नंबर पहिला आलाय. उत्तम आलाय. बघ, पुढे खात्रीचं चिन्हसुद्धा छापलंय. सगळ्या तालुक्यांना पत्रक काढतोय, की दोन नंबर पेरा."

"साहेब, ऐका तरी..."

"आणि तीन नंबरची मोठी गंमत आहे. त्याचे आकडे एक तर सातआठच्या आसपास, नाही तर अठराएकोणीसच्या. मध्ये काहीच नाही! याचा अर्थ तो हलक्या जमिनीत एक आणि भारी जमिनीत एक असा वागतो. त्यावर मी दोन पानं लिहून काढली आहेत."

ती दोन पानं मी बघितली. सुंदर अक्षर, खाली आकृती. आता सांगा, अशा माणसाला कसं सांगायचं, की श्रीरामपूरला फक्त सकाळी आणि संध्याकाळीच गाड्या आहेत?

पण सांगायला तर हवंच होतं. मी डोळे मिटले.

"साहेब, हा गहू नाही."

"मग काय आहे?"

"मनमाड गाडी."

मग मी भडाभडा सगळं ओकलो. रुमाल, डायरी, खोटी कार्डं. मनमाडच्या गाड्या बहुतेक दुपारनंतरच्या, म्हणून दोन नंबर पहिला.

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि एक नंबर?"

"नगरची पहिली गाडी पहाटे साडेपाचला सुटते, साहेब. तिनं सरासरी खाली ओढली."

"म्हणजे माझा वाण पडला नाही?"

"नाही, साहेब. फक्त लवकर सुटला."

मला वाटलं, आता पेपरवेट येतोय. पण साहेब उठले, खिडकीशी गेले, आणि रुमालानं डोळे पुसले. लेकरू हरवून सापडलेल्या बापासारखे दिसत होते. पुढे खरा निकाल आला तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, चारही वाणांत खात्रीचा असा काही फरकच नाही! कुठलाही पेरा! पण ते नंतरचं. तेव्हा साहेब वळले, आणि एकदम त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अरे, दामूअण्णा!"

"काय झालं?"

"ते काल इथं बाकावर बसले होते, तुझी चौकशी करत. मी त्यांना दोन नंबरचं बियाण्याचं पोतं दिलं! म्हटलं, निकाल लागला, घेऊन जा आणि पेरा!"

मी पुढचं ऐकलंच नाही. केंद्राची सायकल उचलली आणि सुटलो. आठ दिवस त्या माणसाला थांबवला, त्याचा वाफसा घालवला, आणि आता कोरड्या रानात, एस्टीच्या वेळापत्रकावरून, त्याला गहू पेरायला लावतोय! दोन मैलांत तीनदा साखळी पडली. तिसऱ्यांदा ती बसवली नाही, सायकल खांद्यावर घेऊन पळालो. अण्णांच्या बांधावर पोचलो तेव्हा माझे हात काळे, तोंड काळं, आणि आवाज बसलेला.

"अण्णा! पेरू नका! अण्णा, थांबा!"

अण्णा बांधावर बसून कांदा-भाकरी खात होते. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "कोनाला थांबवता, भाऊसाहेब? या, बसा. पानी प्या."

मी रानाकडे बघितलं. आणि बघतच राहिलो. चार एकरभर हिरव्या रेघा! बोट-दीड बोट वर आलेला गहू, एका ओळीत, टवटवीत.

"हे... हे कधी पेरलंत?"

"त्याच दिशी. गुरवारी. तुमच्याकडनं निघालो त्यो थेट पाभर जुपली. घरचंच बी हुतं."

"मी थांबा म्हटलं होतं ना?"

"म्हनला हुता की. पर वाफसा कुटं ऐकतो भाऊसाहेब तुमचं?"

"आणि ते कालचं पोतं?"

"हाय तसंच घरी. सायेब लई रडवेलं तोंड करून देत हुते, न्हाई म्हनवना. जाताना घिऊन जावा."

मी मटकन बांधावर बसलो. हसावं की रडावं कळेना. आठ दिवसांची ती उडालेली झोप, ती मेलेली भूक, ती सुजलेली बोटं!

"अहो पण अण्णा, मग तुम्ही रोज केंद्रावर कशाला येत होतात?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. जरा अवघडल्यासारखे झाले.

"शनवारी आल्तो ते सांगायलाच आल्तो, का पेरलं म्हनून. तर तुमी आपलं खिडकीत बसल्याले, रस्त्याकडं डोळं लावून. जेवनाचा डबा तसाच. मला बगून म्हनला, 'अण्णा, धीर धरा.' म्या मनात म्हनलं, आता ह्याला कसं सांगावं? पोरगं घरापास्नं लांब, एकलंच. काळजीनं खंगून जायचं. म्हून येऊन बसायचो घडीभर. तेवढीच सोबत."

मी भाकरी खाल्ली. काळ्या हातानंच. आठ दिवसांत पहिल्यांदा चव लागली.

निघताना अण्णांनी पोतं माझ्या सायकलला बांधून दिलं, साखळी बसवून दिली, आणि विचारलं, "मंग भाऊसाहेब, आता मोकळं झाला न्हवं? उद्यापास्नं न्हाई आलो तर चालंल?"

मी खाली मान घातली.

"या अण्णा," मी म्हणालो. "खरा निकाल यायला अजून आठ दिवस आहेत."